न बोललेलं वाचायचं कसं?

आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ घ्या. २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ शेती करतो. बायको अलका माहेरी निघून जाते. वर्गात विचारलं, अलका कशी आहे? उत्तर येतं, ‘स्वार्थी.’ झालं, संपला धडा!

इथं लगेच ‘चूक’ म्हणू नका. ‘हे कोणत्या ओळीवरून म्हणतोस?’ एवढंच विचारा. पोरगं पुन्हा पान उघडतं. मग पुढचं : लग्नाच्या वेळी तिनं कोणती आशा धरली असेल? एकनाथ तिच्याशी काय बोलत नाही? आधाराशिवाय असतो तो अंदाज. ओळीवर बोट ठेवून सांगता येतं ते अनुमान.

खरं तर मुलांना हे येतंच. दप्तरासाठी पैसे मागितले आणि बाप नुसता ‘पाहू’ म्हणाला, की सोयाबीन अजून घरातच पडलंय हे त्यांना कळतं. कारण बाजारभाव, आईचा चेहरा हे पुरावे समोर असतात. कादंबरीत ते पानोपानी विखुरलेले असतात, वेचावे लागतात. म्हणून एका तासाला एकच पात्र, एकच प्रसंग. गाइडमधलं उत्तर त्या दिवशी फळ्यावर नको. आणि दोन मुलांची दोन अनुमानं निघाली, दोघांकडेही ओळ असली, तर दोन्ही वहीत राहू द्या.