बनी पार्कमधील कमावती घरे

जयपूर म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहते ते तटबंदीच्या आतील गुलाबी शहर. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीत घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. चांदपोल दरवाजातून बाहेर पडून रेल्वे स्थानकाच्या बाजूला वळले की मात्र चित्र पालटते. तेथील बनी पार्क या वसाहतीतील जुनी घरे आपापल्या आवारात स्वतंत्रपणे उभी आहेत : पुढे हिरवळ, मग व्हरांडा आणि त्यामागे प्रशस्त दालने. मीरा मार्ग, कबीर मार्ग अशी संतांची नावे येथील रस्त्यांना लाभली आहेत.

यांपैकी काही घरे जहागीरदार ठाकूर घराण्यांनी शहरातील निवासस्थाने म्हणून बांधली. १९४९ मध्ये राजस्थान राज्य आकारास आले आणि जयपूर त्याची राजधानी झाली. पुढे १९५२ च्या कायद्याने जहागिरी संपुष्टात आल्या. महसुलाचा ओघ आटला, पण घराचा खर्च काही आटला नाही. गच्चीची गळती, भिंतींचा गिलावा, बागेची निगा आणि कर यांना मालकाच्या उत्पन्नाशी कर्तव्य नसते.

अशा वेळी वास्तू विकून मोकळे होणे हा सोपा मार्ग होता. बनी पार्कमधील काही कुटुंबांनी दुसरा मार्ग निवडला. स्वतः तेथेच राहून त्यांनी काही दालने पाहुण्यांसाठी खुली केली. शाहपुरा हाऊस, मेघ निवास, जस विलास ही नावे आज प्रवाशांना परिचित आहेत. ज्या घराला कुटुंबाने पोसले, ते घर आता स्वतःच्या देखभालीला हातभार लावू लागले.

शासनाच्या धोरणानेही या वाटेला बळ दिले. १९५० पूर्वीच्या वास्तूंना वारसा हॉटेलचा दर्जा मिळण्याची तरतूद झाली. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेत तर एक ते सहा खोल्यांचे घरही बसते; अट एवढीच, की मालकाने त्याच घरात वास्तव्य केले पाहिजे.

पुण्याच्या प्रभात रस्त्यावरील किंवा कोणत्याही गावातील जुन्या बंगल्याच्या मालकाला हा प्रश्न अनोळखी नाही. मुले दूरदेशी, घरात दोन वृद्ध जीव आणि दाराशी विकासकाचा प्रस्ताव! प्रत्येक घराचे अतिथिगृह होऊ शकत नाही. परंतु साठी ओलांडलेल्या घरमालकांसाठी २००७ पासून देशात 'रिव्हर्स मॉर्गेज' अर्थात उलट गहाण कर्जाची सोय आहे. स्वतःच्या राहत्या घराच्या तारणावर बँक ठरावीक मुदतीपर्यंत नियमित रक्कम देते. दांपत्य हयात असून घरात राहत आहे, तोवर परतफेडीचा तगादा नसतो. त्यांच्या पश्चात वारसांना कर्ज व्याजासह फेडून घर सोडवून घेता येते. मात्र व्याज साचत जाते, याची जाणीव ठेवूनच हा निर्णय घ्यावा.

कोणताही मार्ग निवडला तरी मालकी हक्काची कागदपत्रे निर्वेध असावीत, मृत्युपत्र केलेले असावे आणि वारसांशी मोकळेपणाने बोलणे झालेले असावे. हे सारे हातपाय चालते आहेत तोवर उरकावे. बनी पार्कची ही घरे टिकली, ती केवळ भिंती भक्कम होत्या म्हणून नव्हे. त्यांच्या खर्चाची तरतूद कोणीतरी वेळेवर केली होती.