पैसे कटले, पण पोचले का?

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. म्हणजे आपण अक्षरशः नोटांच्या गावचे! तरीही रविवारी सकाळी मिसळ खायला गेलं की टेबलावर रश्शाच्या वाटीशेजारी क्यूआर कोड उभा असतो आणि पाकिटाला कोणी हात लावत नाही.

११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि गाडी सुसाट सुटली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींपेक्षा जास्त व्यवहार झाले. आता कोणी म्हणेल, एवढे लोक वापरतात म्हणजे ग्राहक खूशच असणार. पण एसटीला गर्दी असते म्हणून प्रवासी समाधानी आहेत, असं आपण म्हणतो का?

रिचर्ड ऑलिव्हर या अभ्यासकाने १९८० साली एक साधी गोष्ट मांडली. समाधान हे सेवा किती चांगली आहे यावर नाही, तर अपेक्षेच्या मानाने अनुभव कसा आला यावर ठरतं. सुरुवातीला बँकेतल्या रांगेशी तुलना होती, त्यामुळे मोबाईलवरून पैसे गेले की गंमत वाटायची. आता तीन सेकंदात जाणं हे गृहीतच धरलंय. त्यामुळे शंभर व्यवहार नीट झाले तर कोणी बोलत नाही, एकशे एकावा अडकला की तोच आठवडाभर डोक्यात राहतो.

तो अडकतो कसा, हे आपल्या शाखेच्या भाषेत बघू. तुम्ही पिन टाकता, तो फोनमध्येच एन्क्रिप्ट होतो. मग निरोप अ‍ॅपच्या बँकेकडून एनपीसीआयच्या स्विचकडे, तिथून तुमच्या बँकेकडे जातो. बँक पिन तपासून पैसे वजा करते आणि ‘केले’ असं कळवते. मग स्विच समोरच्याच्या बँकेला सांगतो, ‘जमा करा.’ तिचं उत्तर आलं की तुमच्या स्क्रीनवर हिरवी खूण उमटते. आता समजा, वजा झाल्यावर पण जमा झाल्याचं उत्तर येण्याआधी मध्येच कुठेतरी सर्व्हर किंवा नेटवर्क अडखळलं. पैसे हरवत नाहीत, पण जमा झाले की नाही हे त्या क्षणी स्विचलाही ठाऊक नसतं! म्हणून लिहून येतं, ‘पेंडिंग’.

गल्ल्यावरच्या काकांच्या दृष्टीने मात्र पेंडिंग म्हणजे नाहीच. बरं, बनावट स्क्रीनशॉट दाखवणारे महाभागही असतात, तेव्हा त्यांनी तुमच्या फोनवर विश्वास ठेवावा तरी का? म्हणूनच तो बोलणारा डबा, म्हणजे साउंडबॉक्स, इतका पसरला. त्यात स्वतःचं सिमकार्ड असतं आणि निरोप ग्राहकाच्या फोनवरून नाही, थेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. माझ्या मते दुकानदारांचं समाधान कुठल्याही कॅशबॅकपेक्षा या डब्याने जास्त वाढवलं. ग्राहकासाठी असा डबा नाही. डबा गप्प राहिला की तो दोनदा पैसे भरतो किंवा ओशाळून उभा राहतो.

त्याच्यासाठी नियम मात्र आहे, आणि तो फारच थोड्यांना माहीत असतो. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीकडून दुसरीला पाठवलेले पैसे वजा झाले पण जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर मुदत पाच दिवसांची. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता! विद्यार्थ्याला महिनाअखेरीस दोनशे रुपये पाच दिवस अडकणं म्हणजे काय, हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

केनियात २००७ मध्ये सफारीकॉमने एम-पेसा सुरू केलं. तिथे पाठवणारा आणि घेणारा, दोघांनाही एसएमएस येतो, पण पैसे पाठवायला शुल्क पडतं. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क शून्य झालं. फुकट आहे म्हणून आपण तक्रार करत नाही, आणि तक्रार होत नाही म्हणून सगळं आलबेल दिसतं. हे काही खरं नव्हे.

तेव्हा पैसे अडकले तर आधी घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका. अ‍ॅपमध्ये तो व्यवहार उघडा, बारा आकडी यूटीआर क्रमांक लिहून घ्या आणि तिथेच तक्रार नोंदवा. मग आपल्या बँकेला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर नाही मिळालं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. त्याला एक रुपयाही लागत नाही. आणि काकांना तोच क्रमांक वहीत लिहून द्या, म्हणजे पैसे उशिरा जमा झाले तर कोणाचे ते त्यांनाही कळेल.