नुसतं बसलेला माणूस काय करतो?

चौकातल्या पुतळ्यांच्या हातात बहुधा काहीतरी असतं. तलवार, नाहीतर पुस्तक. आज आपण अशा पुतळ्याबद्दल बोलू, ज्याच्या हातात काहीच नाही. तो बसून विचार करतोय. त्याचं नावच ‘विचार करणारा’.

फ्रान्सचे शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांना १८८० साली एका भल्यामोठ्या दरवाजाचं काम मिळालं. इटलीचा कवी दान्ते याने वर्णन केलेला नरक त्यावर दाखवायचा होता. दरवाजाच्या वर, मधोमध, खालचं दुःख बघत बसलेला कवी त्यांनी घडवला. तो होता साधारण ७० सेंटीमीटर. पुढे हाच पुतळा वेगळा काढून, बसल्या बसल्या उभ्या माणसाएवढा उंच केला आणि १९०४ मध्ये पॅरिसला मांडला.

विचार तर डोक्यात चालतो, मग तो दाखवायचा कसा? रोदँ यांनी नुसत्या चेहऱ्यावर भिस्त ठेवली नाही. पुतळ्याचं उजवं कोपर डाव्या मांडीवर आहे. तसं बसून बघा, सगळं अंग पिळवटतं. पाठ वाकलेली, मूठ तोंडाशी, पायाची बोटं खडकाला घट्ट धरलेली. एखादं ओझं पेलावं तसं सगळं शरीर विचार पेलतंय.

हा पुतळा काशाचा, म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील यांचा. तळपायाला तेल चोळायची आपली काशाची वाटी याच घराण्यातली. शिल्पकार आधी मातीत आकार घडवतो, त्यावरून साचा करून वितळलेला धातू ओततात. मातीवरचा बोटांचा दाबही धातूत उतरतो. उंचवट्यांवर उजेड चमकतो, खोलगट डोळ्यांत अंधार राहतो. म्हणून तो माणूस आतच बघतोय असं वाटतं.

हे आम्ही तुम्हाला का सांगतोय? बाई घटकाभर गप्प बसली की घरातले म्हणतात, ‘रिकामी बसलीय.’ बचत गटात कर्जाचा कागद पुढे आला की ‘सही कर लवकर’ म्हणून घाई होते. पण हप्ता कुठून येईल, पैसा कोण वापरेल, याचा हिशेब गप्प बसूनच होतो. तेही कष्टच. पुढच्या बैठकीत एखादी ताई म्हणाली, ‘विचार करून सांगते,’ तर तिला तेवढा वेळ देऊया.