धावपट्टीच्या मापाने बेतलेली विमानकंपनी

भूतानच्या ‘ड्रुक एअर’ची गोष्ट पारोच्या धावपट्टीपासूनच सुरू करावी लागते. १९६८ मध्ये भारताच्या सीमा रस्ते संघटनेने पारो खोऱ्यात ती बांधली, ती हेलिकॉप्टरांची सोय म्हणून. पुढे ५ एप्रिल १९८१ रोजी राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या सनदेने विमानकंपनी स्थापन झाली आणि प्रश्न उभा राहिला, की या एवढ्याशा पट्टीवर उतरणार कोण? निवड झाली अठरा आसनी डॉर्नियर २२८ ची. ११ फेब्रुवारी १९८३ रोजी तिने पारोहून कोलकात्याकडे पहिली झेप घेतली. तोवर भूतान म्हणजे फुंटशोलिंगहून घाट चढणे. आपल्याकडचे कितीतरी पर्यटक आजही बागडोगऱ्याला उतरून त्याच वाटेने जातात, कारण तिकीट खिशाला झेपत नाही.

नोव्हेंबर १९८८ मध्ये बीएई १४६ हे जेट आले. छोट्या विमानाला चार इंजिने ही उधळपट्टी वाटेल, पण एक बंद पडले तरी उरलेल्या तिघांनी डोंगर पार करता यायला हवेत. १९९० मध्ये धावपट्टी वाढवून मजबूत केली गेली. एअरबस ३१९ यायला २००४ उजाडले.

पारो समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे आणि भोवतीची शिखरे साडेपाच हजार मीटरपर्यंत जातात. विमानतळावर सरळ रेषेत उतरणे नाही. वैमानिक विमान खोऱ्यात घालतो, डोंगराच्या सोंडेला वळसा देतो आणि धावपट्टी दिसते ती अगदी शेवटी. खिडकीतल्या प्रवाशाला उतारावरची घरे पंखाच्या पातळीत दिसू लागतात, तेव्हा पहिल्यांदा येणाऱ्याचा हात आपोआप खुर्चीच्या दांडीवर जातो. हे सगळे डोळ्यांच्या भरवशावर, म्हणून उड्डाणे दिवसाउजेडीच. दुपारनंतर खोऱ्यात वारा चढतो, त्यामुळे गर्दी असते ती सकाळी. या विमानतळासाठी वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. असे वैमानिक जगात थोडेच आहेत.

विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. मग वजनाला कात्री लागते, आणि बँकॉकला निघालेले विमान वाटेत बागडोगरा किंवा गुवाहाटीला टेकून पुढे जाते. प्रवासी वैतागतात, पण मधल्या थांब्यावर इंधन आणि गिऱ्हाईक दोन्ही मिळतात. मला तरी हा तोट्याचा सौदा वाटत नाही.

देशांतर्गत बुमथांग आणि योनफुलाची विमानसेवा २०११ मध्ये सुरू झाली. त्याच दशकात ‘भूतान एअरलाइन्स’ ही खासगी कंपनीही मैदानात उतरली. एकाधिकार मोडला हे बरेच झाले. २०२० मध्ये ए३२० निओ ताफ्यात आले. २०२४ मध्ये आणखी पाच एअरबस घेण्याचा करार झाला. त्यांत लांब पल्ल्याची ए३२१ आहेत. ही झेप पारोच्या नव्हे, तर आसामच्या सीमेलगत सपाटीवर योजलेल्या गेलेफूच्या विमानतळाच्या भरवशावर आहे.

दिल्लीहून पारोला जाणार असाल तर डाव्या बाजूची खिडकी मागून घ्या. आभाळ मोकळे असले की एव्हरेस्ट दिसते. आणि परतीच्या दिवशीच पुढच्या विमानाचे तिकीट काढू नका. पारोत ढग उतरले की वेळापत्रकाचा काही भरवसा नसतो.