लॅपटॉप घ्यायचाय, नवा की वापरलेला?

मुलीला कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला, फी भरून झाली, हॉस्टेलचंही ठरलं. आता यादीत लॅपटॉप उरलाय आणि तुमच्या हातात आहेत जेमतेम 25 हजार रुपये. दिल्लीत राहत असाल तर तुमची पावलं आपोआप नेहरू प्लेसकडे वळतील. तिथल्या चौकात पोहोचता न पोहोचता कुणीतरी ‘लॅपटॉप चाहिए?’ म्हणत मागे लागतो. त्याच्याबरोबर जाऊ नका. जिथे दुकानाची पाटी आहे, पक्कं बिल मिळतं तिथेच जा.

एवढ्या पैशांत तुम्हाला साधारण दोन प्रकार दाखवले जातील. एक सीलबंद नवाकोरा, पण आत सेलेरॉनसारखा कमी ताकदीचा प्रोसेसर आणि 4 जीबी रॅम. दुसरा काही वर्षं एखाद्या कंपनीत राबलेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक. कंपन्या ठरावीक काळानंतर सगळे लॅपटॉप एकदम बदलतात आणि तोच माल साफसूफ होऊन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून बाजारात येतो.

खोकं फोडायचा आनंद मोठा असतो हे मान्य. पण ऑनलाइन लेक्चर चालू असताना ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की तो स्वस्त नवा लॅपटॉप धापा टाकू लागतो. 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना आय-5 तेच काम आरामात करतो. त्यामुळे अभ्यास, एक्सेल, प्रोजेक्ट एवढंच काम असेल, तर माझं मत वापरलेल्याच्या बाजूनं आहे. व्हिडिओ एडिटिंग शिकायचं असेल तर मात्र दोन्ही नकोत, थोडे पैसे साठवून नंतर घ्या.

वापरलेला घेताना सर्वात आधी प्रोसेसरची पिढी बघा. मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आय-5 च्या पुढचा आकडा वाचा. 8250 म्हणजे आठवी पिढी, 7200 म्हणजे सातवी, 10210 म्हणजे दहावी. काही विक्रेते पळवाट काढून सहाव्या पिढीवरही विंडोज 11 टाकून देतात, म्हणून नुसत्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. शिवाय याच आठव्या पिढीत लॅपटॉपच्या आय-5 ला दोनऐवजी चार कोअर मिळाले, त्यामुळे वेगातला फरकही जाणवतो.

मग बॅटरी. माझा पहिला लॅपटॉप वापरलेलाच होता. चकचकीत बॉडी बघून मी भुलले आणि घरी आल्यावर कळलं की चार्जर काढला की वीस मिनिटांत तो मान टाकतो. दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, बॅटरी की गारंटी नहीं होती.’’ खरंच होतं, बिलावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. तुम्ही दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडायला सांगा आणि बॅटरी रिपोर्ट काढून घ्या. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये जाऊन बघा. तिथे पासवर्ड मागितला, तर जुन्या कंपनीचं कुलूप अजून निघालेलं नाही असं समजा आणि दुसरा दाखवायला सांगा. बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या. उद्या तो चोरीचा निघाला, तर हाच कागद तुमच्या बाजूनं बोलेल. वॉरंटी किती महिन्यांची आणि कशाकशाची, हेही त्यावरच लिहून घ्या. तोंडी आश्वासनं जिना उतरेपर्यंतच टिकतात.

तुमच्या गावाजवळ दुरुस्ती करणारा कुणीच नसेल, तर मात्र बजेट थोडं ताणून आय-3 आणि 8 जीबी रॅमचा नवाच घ्या. कंपनीच्या वॉरंटीचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो.

आणि हो, मुलीला सोबत न्या. तिला दुकानातच पानभर टाइप करू द्या, बिजागरी चार-पाच वेळा उघडझाप करू द्या, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून स्वतःला एक व्हिडिओ कॉल लावू द्या. कॅमेरा, माइक, स्पीकर आणि वायफाय, चारही गोष्टी त्या एका कॉलमध्ये तपासून होतात.