कोळंबीच्या डोक्यात दडलंय काय?

कोळंबी म्हणा, सुंगटं म्हणा की झिंगे, साफ करताना आधी डोकं काढून टाकायचं हे ठरलेलं! पण या इवल्याशा डोक्यात निसर्गानं काय काय भरलंय, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तुम्ही थक्क व्हाल.

आरशांचे डोळे

कोळंबीचे डोळे देठांवर असतात आणि प्रत्येक डोळा असंख्य बारीक खणांचा बनलेला असतो. मधमाशीच्या डोळ्यातले खण षटकोनी, तर कोळंबीचे चक्क चौकोनी! खणांच्या भिंती आरशासारख्या उजेड परतवून एका जागी गोळा करतात. त्यामुळे अंधूक पाण्यातही तिला दिसतं. याच युक्तीवर बेतलेली क्ष-किरण दुर्बीण घेऊन चीनचा ‘आइन्स्टाइन प्रोब’ उपग्रह २०२४ मध्ये अवकाशात गेला.

मिशांमध्ये नाक

तिच्या मिशांच्या दोन जोड्या असतात. लांब मिशा स्पर्शासाठी, तर आखूड मिशांवरचे नाजूक केस वास घेण्यासाठी. पाण्यात मिशी झटकणं म्हणजे तिचं हुंगणं!

वाळूचा कण, शरीराचा तोल

आखूड मिशीच्या मुळाशी एक छोटी पोकळी असते. तिच्यात वाळूचे कण असतात. ते आतल्या केसांवर ज्या बाजूनं दाब देतात, त्यावरून वर कुठे आणि खाली कुठे हे कोळंबीला कळतं. कात टाकताना ही वाळूही जाते आणि तिला नवी भरावी लागते. १८९३ मध्ये व्हिएन्नाच्या अलोइस क्रायडल यांनी वाळूऐवजी लोखंडाचा कीस ठेवला. कोळंबीनं तोच आत भरला. मग वर लोहचुंबक धरताच ती उलटी झाली!

डोळ्याच्या देठाची किंमत

या देठात आणखी एक गुपित आहे. कात टाकणं आणि अंडी तयार होणं रोखून धरणारी संप्रेरकं इथूनच येतात. म्हणूनच कोळंबीचं बीज तयार करणाऱ्या अनेक केंद्रांत मादीनं लवकर अंडी द्यावीत यासाठी तिच्या एका डोळ्याचा देठ कापतात किंवा चिरडतात. तिला वेदना होतात का? ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यानं कोळंबी, खेकड्यांनाही संवेदनाक्षम प्राणी मानलंय. देठ न कापता बीज घेण्याचे प्रयत्नही सुरू झाले आहेत.

ताटातल्या कोळंबीची चव तर आपल्याला ठाऊक आहेच. ती ताटात कशी आली, हेही विचारायला हवं, नाही का?