आकड्यामागचं बेअरिंग

हैदराबादच्या आबिड्स चौकातून कोठीकडे निघालं की ट्रूप बाजार लागतो. विजेच्या सामानाची ही जुनी पेठ. छताचा पंखा घरघरू लागला की मिस्त्री तो उघडतो, बेअरिंगच्या कडेवरचा आकडा वाचतो आणि तसंच दुसरं मागवतो. बहुतेक वेळा तो आकडा ६२०२ असतो. कारखान्याच्या मोठ्या मालासाठी सिकंदराबादचं राणीगंज गाठावं लागतं. आकड्यांची भाषा तिथेही हीच.

६२०५ घ्या. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचं, एका ओळीचं गोळ्यांचं बेअरिंग. २ ही हलकी मालिका. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की शाफ्टचा व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. (०४ च्या खाली हा हिशोब चालत नाही; ०२ म्हणजे १५ मिलिमीटर.) ६३०५ त्याच शाफ्टवर बसतं, पण त्याचा बाहेरचा व्यास ५२ ऐवजी ६२ मिलिमीटर असतो आणि ते भारही जास्त पेलतं. पुढे ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, ‘टूआरएस’ असेल तर रबरी सील. पिठाच्या गिरणीत पत्र्याच्या झाकणाआडून पीठ आत शिरतं, तिथे रबरी सीलच बरं.

मापं आकड्यातून कळतात, काम कळत नाही. भार शाफ्टला आडवा आहे की शाफ्टच्या दिशेने? आडवा आणि जड असेल तर गोळ्यांऐवजी दंडगोल रोलर लागतात. दोन्हीकडून असेल, जसा गाडीच्या चाकाच्या हबमध्ये, तर निमुळते रोलर. त्यांचं पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये घेतलं. शाफ्ट वाकत असेल किंवा दोन्ही आधार एका रेषेत नसतील, तर स्वतःहून कलणारं बेअरिंग हवं. स्वीडनमधल्या एका कापड गिरणीत जमीन खचून शाफ्टची रेष बिघडत असे. तिथल्या स्वेन विंगक्विस्ट या इंजिनिअरने १९०७ मध्ये असं बेअरिंग घडवलं. त्यातूनच एसकेएफ कंपनी उभी राहिली. पुण्याजवळच्या चिंचवडचा कारखाना तिचाच.

आयुष्याचा हिशोब कठोर असतो. शंभरातली नव्वद बेअरिंगं जितके फेरे टिकतील, ते धरायचं आयुष्य. गोळ्यांच्या बेअरिंगवर क्षमतेच्या एक दशांश भार असेल तर ते १०० कोटी फेरे. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटारीवर सुमारे ११,५०० तास. पट्टा वाजवीपेक्षा ताणून भार दुप्पट केला, की आयुष्य निम्मं होत नाही, एक अष्टमांश होतं. सुमारे १,४५० तास, म्हणजे सतत चालणाऱ्या मोटारीचे जेमतेम दोन महिने.

सगळीकडे गोळ्या-रोलरच हवेत असंही नाही. साखर कारखान्यात ऊस पिळणारे रोल मिनिटाला चार-पाच फेरे घेतात, पण भार अवाढव्य. तिथे वर्षानुवर्षं गनमेटलची साधी बेअरिंगं चालत आली. टेबलफॅनमध्ये तेल शोषून ठेवणारा सच्छिद्र ब्राँझचा बुश असतो. तेलंगणाच्या बोअरवेलमध्ये उतरणाऱ्या अनेक सबमर्सिबल मोटारींत तर शाफ्टचा खालचा रेटा कार्बनची चकती झेलते, आणि वंगणाचं काम पाणी करतं.

हैदराबादने बेअरिंगं नुसती विकली नाहीत, बनवलीही. मौला अलीतली इंडो-निप्पॉन प्रिसिजन बेअरिंग्ज १९८१ मध्ये एचएमटीकडे आली आणि ‘एचएमटी बेअरिंग्ज’ झाली. तोटा वाढत गेला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीच्या घड्याळ कंपन्यांसोबत तीही बंद करायला मंजुरी दिली.

नवं घेण्याआधी जुनं कापून पाहणारे फिटर अजून भेटतात. कडी निळी-काळी पडली असेल तर वंगण संपलं होतं. ठरावीक अंतरावर खळगे असतील तर बसवताना हातोडा बाहेरच्या कडीवर पडला आणि ठोका गोळ्यांतून आत गेला. धावपट्टीवर जवळजवळ, एकसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर शाफ्टमधून वीज वाहत होती. वेग बदलणारा ड्राइव्ह जोडलेल्या मोटारींत हे वारंवार होतं. तिथे जास्त क्षमतेचं बेअरिंग घालून भागत नाही. मोटारीचं अर्थिंग तपासावं लागतं, आणि बेअरिंग वीज अडवणाऱ्या लेपाचं किंवा सिरॅमिक गोळ्यांचं घ्यावं लागतं.